एमएस्सी फिजिक्सनंतर मेडिकल फिजिसिस्ट व्हावं का? सांगली-साताऱ्याकडं नोकऱ्या आहेत का?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतायत बीएड कर नाहीतर सेट-नेटचा अभ्यास कर, आणि दोन्हीकडं काय परिस्थिती आहे ते इथं सगळ्यांना माहितीच आहे, आमचे दोन सीनियर अजून सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) तास घेत फिरतायत.

गेल्या वर्षी माझ्या मावशीची ट्रीटमेंट मिरजेत झाली, गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झाल्यावर लाईट (रेडिएशन) घ्यायला रोज जावं लागायचं आणि सोबतीला बऱ्याचदा मीच असायचे. तिथं एक मॅडम असायच्या, डॉक्टर नव्हत्या, मशीन चालवणाऱ्या पण नव्हत्या, पण काही अडलं की सगळे त्यांनाच विचारायला जायचे. मी धीर करून विचारलं तर म्हणाल्या मी मेडिकल फिजिसिस्ट, तुझ्याच विषयाची. मला तोपर्यंत असली पोस्ट असते हेच माहिती नव्हतं, आमच्या डिपार्टमेंटला सगळे थिन फिल्म आणि नॅनो मटेरियल करतात.

तर विचारायचं असं की हे लोक दिवसभर नक्की काय करतात? कोर्स कुठं करायचा? यासाठी नीटची परीक्षा द्यावी लागत नाही ना? आपल्या भागात नोकरी मिळते का की मुंबईच गाठायची? आणि आजीनं तर घर डोक्यावर घेतलंय की पोरगी रेडिएशनमधे कामाला गेली तर उद्या लग्नाचं काय, मुलंबाळं नीट होतील का. ह्याला काय उत्तर द्यायचं मला खरंच कळत नाही. पप्पांची बाग आहे, यंदा दर पडले, त्यामुळं मोठं कर्ज काढून काही करणं जमणार नाही. ज्यांना खरं माहिती आहे त्यांनी प्लीज सांगा.

आरटीटी_मिरज

ताई मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मशीन चालवणारा. थोडक्यात सांगतो. डॉक्टर ठरवतात कुठं, किती आणि किती दिवस द्यायचं. आम्ही पेशंटला रोज टेबलवर घेऊन ऑर्फिट (हलू नये म्हणून मास्क) लावून बरोबर जागेवर आणतो आणि बीम देतो. मधलं सगळं फिजिसिस्टचं, म्हणजे डॉक्टरांनी मागितलेला डोस ह्या मशीनमधून ह्या पेशंटच्या शरीरात कसा पोचवायचा त्याचा प्लॅन, आणि मशीन जेवढा डोस दाखवतंय तेवढाच खरंच बाहेर पडतोय का ह्याची खात्री. नीट वगैरे काही नाही, फिजिक्सच लागतं.

आमच्याकडं एखाद्या सकाळी रीडिंग बसलं नाही तर मॅडम सही करत नाहीत आणि सही नाही तर पहिला पेशंट आत जात नाही. बाहेर जत, आटपाडीपासनं पहाटे निघून आलेली माणसं बसलेली असतात, ओरडतात, मॅनेजमेंटचे फोन येतात, पण त्या हलत नाहीत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो ह्याच्यामुळं.

अजिंक्यतारा_फिजिक्स

मी साताऱ्यात ह्याच कामात आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

दिवस सुरू होतो पेशंट यायच्या आधी. लायनॅक, म्हणजे रेडिएशन देणारं मशीन, वॉर्मअप करायचा, मग आउटपुट, म्हणजे ते किती डोस देतंय, बघायचं, लेझर जागेवर आहेत का, दार उघडलं की बीम थांबतो का, आतला कॅमेरा आणि माइक चालू आहे का. रोजच्या आउटपुटला तीन टक्के फरक चालतो, महिन्याच्या मोजणीत दोन, वर्षाच्या मोठ्या तपासणीत एक. ऐकायला हे आकडे कोरडे वाटतात, पण पेशंटच्या अंगात जाणारा एकूण डोस पाच टक्क्यांच्या आत बरोबर असावा असं जगभर धरतात आणि त्या पाचात मशीन, प्लॅन, पेशंट रोज थोडा हलणं, वजन उतरणं हे सगळंच येतं, म्हणून आपल्या वाट्याचा टक्का आपण जपून वापरायचा.

मग प्लॅनिंग. तुझ्या मावशीचंच घे, गालाच्या केसला ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे (डोसचं एकक), ३० फ्रॅक्शनमधे (हप्त्यांत), म्हणजे सोमवार ते शुक्रवार सहा आठवडे. डॉक्टर सीटीवर काँटूर, म्हणजे सीमारेषा, काढून देतात, कुठं पूर्ण डोस पाहिजे आणि काय काय वाचवायचं. मणक्यातला कॉर्ड (मज्जारज्जू) ४५ ग्रेच्या वर जाऊ द्यायचा नाही, लाळेच्या पॅरोटिड ग्रंथीचा सरासरी डोस २६ ग्रेच्या खाली ठेवता आला तर बघायचं, कारण ती ग्रंथी गेली की माणसाचं तोंड कायमचं कोरडं पडतं आणि मग भाकरी घशाखाली उतरत नाही. आपल्याकडं मशेरी-तंबाखूमुळं तोंडाच्या केसेस इतक्या येतात की हे गणित आम्ही रोज करतो. एकीकडं दाबलं की दुसरीकडं डोस वर येतो, कॉम्प्युटर त्याच्या परीनं काढतो पण कुठं थांबायचं ते तू आणि डॉक्टर बसून ठरवता. प्लॅन मंजूर झाला तरी लगेच पेशंटवर जात नाही, आधी तोच प्लॅन फँटमवर (पेशंटच्या जागी ठेवायच्या ठोकळ्यावर) नाहीतर डिटेक्टरवर चालवून बघायचा की एमएलसीची, म्हणजे बीमला आकार देणारी, पानं ठरल्याप्रमाणं हलतात का, मोजलेला डोस आणि काढलेला डोस जुळतो का. हे बहुतेक संध्याकाळी नाहीतर रविवारी, कारण दिवसभर मशीन पेशंटनी भरलेलं. त्यामुळं नऊ ते पाच धरून येऊ नकोस.

आता तुझं फिजिक्स नक्की कुठं लागतं ते सांगतो कारण तू विचारलं नाहीस तरी मला ह्यावर बोलायला आवडतं. मशीनचं आउटपुट मोजायला पाण्याच्या टाकीत आयन चेंबर (डोस मोजायचा डिटेक्टर) ठेवतात, १० बाय १० सेंटिमीटरचं फील्ड, ६ एमव्हीच्या बीमला १० सेंटिमीटर खोली. त्यासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा टीआरएस ३९८ हा प्रोटोकॉल आपल्याकडं वापरतात. हे चेंबर बाहेरच्या हवेला उघडं असतं, म्हणजे त्यातली हवा जेवढी विरळ तेवढं रीडिंग कमी. चेंबरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट हे समुद्रसपाटीच्या दाबाला, १०१.३ किलोपास्कल आणि २० डिग्रीला दिलेलं असतं. आणि सातारा सातशे मीटरच्या वर. आमच्याकडं दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास, पावसाळ्यात अजून खाली. म्हणजे फक्त उंचीमुळं आठ-नऊ टक्क्यांची दुरुस्ती. आता समज कुणी घाईत बॅरोमीटर न बघता मोबाईलवरचा हवामानाचा दाब घेतला, तर तो आकडा समुद्रसपाटीला फिरवून दिलेला असतो, हजाराच्या पुढं मिलिबार दाखवतो. तो टाकला की वाटणार मशीन डोस कमी देतंय, म्हणून वाढवणार, आणि प्रत्येक पेशंटला आठ-नऊ टक्के जास्त जाणार. मशीनवर काही अलार्म वाजणार नाही. पेशंटला त्या दिवशी काही जाणवणार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तोंडातल्या जखमा नेहमीपेक्षा जास्त दिसायला लागतील, आणि तोपर्यंत किती जण होऊन गेले असतील?

हे कल्पनेतलं नाही. ब्रिटनमधे एक्झेटरला १९८८ साली कोबाल्टचा नवा सोर्स बसवल्यावर त्याच्या कॅलिब्रेशनमधे चूक झाली आणि दोनशेवर पेशंटना २५ टक्के जास्त डोस गेला. म्हणून आपण मोजलेलं दुसऱ्यानं स्वतंत्र मोजायचं ही पद्धत आहे, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) पोस्टानं टीएलडी, म्हणजे डोस नोंदवणारे छोटे डिटेक्टर, पाठवते, ते आपल्या मशीनखाली ठेवून परत पाठवायचं आणि ते त्यांच्याकडं मोजतात. इंटर्न मुलं माझ्याकडं आली की मी पहिलं बॅरोमीटर हातात देतो.

हे काम कुणाला करावं असं मला वाटतं? ज्याला एकच आकडा परत परत तपासायचा कंटाळा येत नाही त्यानं. हुशारी त्याच्यानंतर.

वाट_बदलली

वरच्या सरांचं सगळं खरं आहे पण मुलीला दुसरी बाजू पण कळू दे. मी हे काम केलं आणि सोडलं. एका खाजगी हॉस्पिटलमधे (नाव घेत नाही) मी एकटाच फिजिसिस्ट होतो, म्हणजे मशीन नाही, प्लॅन नाही, कागदपत्रं नाहीत असा दिवस नाही. सुट्टी घ्यायची तर बदली माणूस शोधायचा. आणि पगार, इंटर्नशिपला बऱ्याच ठिकाणी हातात फारसं काही देत नाहीत, कुठं कुठं तर काहीच नाही, त्यानंतर सुरुवातीची दोन-तीन वर्षं आयटीतल्या मित्रांशी तुलना करू नये. सगळ्यात त्रास झाला तो ओळख नसण्याचा. पेशंटला आपण माहिती नाही, नातेवाईकांना नाही, हॉस्पिटलच्या एचआरला पण फिजिसिस्ट आणि फिजिओथेरपिस्टमधला फरक दोनदा सांगावा लागला. हे चालत असेल तरच ये.

कराडची_शिल्पकार

वाट_बदलली, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, एकट्या माणसावर अख्खं सेंटर टाकणं हे चुकीचंच आहे आणि ते होतं. पण पगाराचं चित्र सगळीकडं तेच नाही. टाटा मेमोरियलच्या जाहिराती काढून बघा, मेडिकल फिजिसिस्ट सी पोस्टला लेव्हल १०, मूळ वेतनच ५६,१०० पासून आणि वर भत्ते. जागा थोड्या निघतात हे मान्य. आणि दुसरी गोष्ट, एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणं पात्र फिजिसिस्ट आणि आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) असल्याशिवाय रेडिओथेरपी सेंटर चालवायला परवानगीच मिळत नाही. मशीन कितीही कोटीचं असू दे. त्यामुळं आपली पोस्ट मॅनेजमेंटच्या मर्जीवर नसते.

मी खरं तर आजीच्या प्रश्नासाठी लिहितेय, कारण माझ्या घरी पण हेच झालं होतं. बाळ, नीट ऐक आणि आजीला शांतपणे सांग.

लायनॅक बंद केला की रेडिएशन बंद, ट्यूबलाईट बंद केल्यावर उजेड राहत नाही तसंच. चालू असताना आत फक्त पेशंट, आपण जाड काँक्रीटच्या भिंतीमागं. कोबाल्ट आणि ब्रॅकीच्या (सोर्स शरीराच्या आत ठेवून द्यायच्या ट्रीटमेंटच्या) इरिडियमचं वेगळं, ते सोर्स कायम चालूच असतात, म्हणून ते शिल्डिंगमधे ठेवतात आणि आत जाताना झोन मॉनिटर बघून, हातात सर्व्हे मीटर घेऊनच जायचं, ह्यात ढिलाई चालत नाही, मी कुणाचीच चालवून घेत नाही. प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज, दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो आणि आपल्या नावावर आकडा येतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या रेडिएशनचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुलनेला सांगते, जमीन, हवा, आकाशातनं कुठल्याही माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतातच, शेतात काम करणाऱ्या आजीला पण. चांगल्या चाललेल्या डिपार्टमेंटमधे आमच्या बॅजचे आकडे मर्यादेच्या जवळपास पण नसतात.

आणि बाळंतपणाचं, तू सांगितलंस की दिवस गेलेत, की तिथून पुढं पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये अशी अट आहे, म्हणजे सामान्य माणसाला वर्षाची जी मर्यादा तीच. त्या काळात मी ब्रॅकीच्या सोर्सचं काम सोडलं, प्लॅनिंगला बसले. माझी दोन्ही मुलं ठणठणीत आहेत, पण माझ्या मुलांवरनं ठरवू नका, बॅजच्या आकड्यावरनं ठरवा, तो कागदावर असतो. लग्नाच्या वेळी मी सासरच्यांना माझं डोस रेकॉर्ड दाखवलं होतं आणि सासऱ्यांनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचलं.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मॅडम तुमचं मी आजीला वाचून दाखवते आज रात्री. वाट_बदलली दादा तुमचं पण बरं झालं कळलं, आधीच माहिती असलेलं बरं.

आता कोर्सचं सांगा ना कुणीतरी. कोल्हापूरला डी वाय पाटीलला एमएस्सी मेडिकल फिजिक्स आहे असं कळलं, पण मग माझी ही एमएस्सी वाया गेली का? परत दोन वर्षं आणि परत फी?

अणुशक्तीनगर_पासआउट

वाया अजिबात नाही, उलट तुझ्यासाठी ह्याच एमएस्सीवरनं सरळ रस्ता आहे. दोन वाटा आहेत. एक, बीएस्सी फिजिक्सनंतर थेट एमएस्सी मेडिकल फिजिक्स, ती दोन वर्षांची, कोल्हापूरचा कोर्स त्या प्रकारचा, चेन्नईला अण्णा विद्यापीठाचा फार जुना आहे. दुसरी, एमएस्सी फिजिक्स झाल्यावर एक वर्षाचा पोस्ट एमएस्सी डिप्लोमा इन रेडिऑलॉजिकल फिजिक्स, डिप आरपी म्हणतात. मुंबईत बीएआरसीचा हा कोर्स १९६२ पासून चालू आहे, होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची पदविका मिळते. प्रवेश परीक्षेतून, जागा कमी, आणि बीएस्सी, एमएस्सी दोन्हीला ६० टक्के लागतात म्हणून शेवटच्या सेमला दुर्लक्ष करू नकोस. निवड झालेल्यांना स्टायपेंड असतो, त्यामुळं पप्पांच्या डोक्यावर बोजा येत नाही. मी सांगोल्याचा, डाळिंबवाल्या घरातला, मला त्या स्टायपेंडनं तारलं.

परीक्षेला एमएस्सीचंच फिजिक्स, त्यातही न्यूक्लियर, अ‍ॅटॉमिक, मॅथेमॅटिकल मेथड्स पक्कं कर. फोटॉन पदार्थात शिरल्यावर काय काय होतं, फोटोइलेक्ट्रिक, कॉम्प्टन, पेअर प्रॉडक्शन, कुठल्या एनर्जीला कुणाचं पारडं जड, हे झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे, कारण पुढं आयुष्यभर तेच वापरायचंय.

कोर्सनंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची, ती पण एईआरबीच्या निकषात बसणाऱ्या डिपार्टमेंटमधेच. ती झाली की आरएसओ लेव्हल तीनची परीक्षा. ती पास झालीस आणि हॉस्पिटलनं तुझं नाव एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर टाकून मान्यता घेतली की तू त्या सेंटरची रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर. म्हणजे आत्तापासून धरलं तर दोन-अडीच वर्षं.

आणि एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी एईआरबीच्या वेबसाईटवर मान्य कोर्सेसची यादी उघडून त्यात त्या संस्थेचं नाव आत्ता, ह्या वर्षी आहे का बघ. एजंट किंवा काउन्सेलर काय म्हणतो ते ऐकू नकोस. नावात मेडिकल फिजिक्स आहे पण यादीत नाही अशा कोर्सला दोन वर्षं घालवलेली मुलं मी बघितलीत, त्यांना इंटर्नशिप मिळत नाही, मग आरएसओ नाही, मग नोकरी नाही, आणि त्यांना सांगताना आपल्यालाच वाईट वाटतं.

आरटीटी_मिरज

आपल्या भागातल्या नोकऱ्यांचं मी सांगतो. पूर्वी मुंबई-पुण्याशिवाय पर्याय नव्हता, आता मिरज, सातारा, कराड, कोल्हापूर, तिकडं बार्शी-सोलापूर सगळीकडं रेडिएशन सेंटर आहेत. पण प्रत्येक ठिकाणी फिजिसिस्ट दोन-तीन, म्हणजे जागा निघायची वाट बघावी लागते. पहिली नोकरी घराजवळच पाहिजे असा हट्ट धरू नका.

वाट_बदलली

एआयचं पण कुणीतरी बोला. काँटूर आपोआप निघतात, प्लॅन आपोआप निघतात. पाच वर्षांनी ह्या मुलीच्या हातात काम काय राहणार?

अजिंक्यतारा_फिजिक्स

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडं ऑटो काँटूर आलंय आणि प्लॅनिंगचे तास खरंच कमी झालेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते सॉफ्टवेअर आमच्या सीटीवर, आमच्या पेशंटवर बरोबर चालतं का हे तपासून घ्यायचं काम कुणाचं आलं? ऑपरेशननं अर्धा जबडा काढलेल्या पेशंटचं काँटूर ते अजून चुकवतं, ते दुरुस्त करावं लागतं हे मी स्वतः रोज बघतो. आणि पाण्याच्या टाकीत चेंबर ठेवून मोजायचं ते मोजावंच लागणार. माझ्या मते ज्यांनी फक्त प्लॅनिंगचं माउस चालवणं शिकलंय त्यांना अवघड जाईल, ज्यांची डोसिमेट्री (डोस मोजायचं शास्त्र) पक्की आहे त्यांना नाही. म्हणून इंटर्नशिपची जागा निवडताना स्टायपेंड किती हे विचारच, पण त्याच्या आधी विचार की मला मशीनवर हात लावू देणार का, वर्षाच्या क्यूएला (मशीनच्या मोठ्या तपासणीला) उभी करणार का, ब्रॅकीचा सोर्स बदलताना वेल चेंबरची (सोर्सची ताकद मोजायच्या डिटेक्टरची) मोजणी माझ्याकडनं करून घेणार का. इरिडियमची हाफ लाइफ ७४ दिवस, म्हणजे तीन-चार महिन्यांनी सोर्स बदलतोच, वर्षभरात हे काम तुझ्यासमोर नक्की येणार.

वाट_बदलली, तुम्ही एकट्यानं सेंटर ओढलंत ते सोपं नव्हतं. परत यायचा विचार कधी आला तर मला मेसेज करा, मी मनापासून म्हणतोय.

द्राक्षबाग_तासगाव

सर, बीएआरसीचा फॉर्म कधी सुटतो त्यावर लक्ष ठेवते आणि एईआरबीची यादी आत्ताच उघडून बघितली. आजीनं मॅडमचं सगळं ऐकून घेतलं, म्हणाली तो बॅज मला पण बघायचाय. एक शेवटचं, आमचा सेमिस्टर प्रोजेक्ट अजून ठरायचाय, गाईड सर थिन फिल्मच म्हणतायत. त्याऐवजी ह्यातलं काही करता येईल का?

अणुशक्तीनगर_पासआउट

येईल. गाईडना विचार डिपार्टमेंटच्या लॅबमधे जीएम काउंटर (रेडिएशन मोजायचं यंत्र) आणि सीझियमचा छोटा सोर्स आहे का, बहुतेक विद्यापीठात असतो. शिसं, अ‍ॅल्युमिनियम, काँक्रीट आणि पॅराफिनमधे अ‍ॅटेन्युएशन म्हणजे किरणं किती अडतात ते मोजून कोएफिशंट काढ आणि पुस्तकातल्या किमतीशी ताडून बघ, फरक का आला ते लिही. काँक्रीटचा तुकडा खरा बांधकामावरचा घे. इंटरव्ह्यूला बंकरच्या (मशीनच्या खोलीच्या) भिंतीची जाडी कशी ठरते हे विचारतातच.